उत्तम शुक्रवारच्या संदेशाआधी एक विनंती

उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर संदेश होतात. पुण्या-नगरहून बंगळूरला आलेली आपली मराठी ख्रिस्ती कुटुंबंही त्या दिवशी जवळच्या चर्चमध्ये तीन तास बसतात, मग उपासना इंग्रजीत असो की कन्नडमध्ये. या संदेशांत अनेकदा एक वाक्य सहज येऊन जातं: "यहूद्यांनी प्रभूला मारलं." रविवारच्या शाळेतली मुलं ते ऐकतात आणि तसंच घरी घेऊन येतात. हे वाक्य आता बंद करूया.

वधस्तंभ ही रोमी शिक्षा होती आणि हुकूम पिलाताचा होता. यरुशलेमेतल्या काही पुढाऱ्यांचा त्यात हात होता, असं शुभवर्तमानं सांगतात. पण प्रभू स्वतः यहूदी, मरीया यहूदी, पेत्र यहूदी आणि वधस्तंभाजवळ उभ्या राहिलेल्या बायकाही यहूदीच. काही जणांचा दोष एका अख्ख्या समाजाच्या माथी, तोही पिढ्यान् पिढ्या मारणं हा अन्याय आहे. युरोपात या शिकवणुकीने शतकानुशतकं यहूद्यांबद्दल द्वेष पोसला आणि हिटलरने साठ लाख यहूदी मारले, तेव्हा त्या द्वेषाने त्याची वाट सोपी केली. चर्चला हे उशिरा कळलं. जागतिक चर्च परिषदेने 1961 साली आपल्याच दिल्लीत भरलेल्या अधिवेशनात सांगितलं की, वधस्तंभाची जबाबदारी आजच्या यहूद्यांवर टाकू नये. 28 ऑक्टोबर 1965 रोजी व्हॅटिकन परिषदेनेही तेच जाहीर केलं. म्हणजे मी काही नवं मागत नाही. आपल्याच चर्चने मान्य केलेलं आपल्या व्यासपीठावर यावं, एवढंच.

आपल्या मराठी माणसांसाठी यहूदी परके नाहीत. कोकणातले बेने इस्राएल हे मराठी बोलणारे यहूदी. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. 1829 साली मुंबईत आलेल्या मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. हेतू धर्मांतराचा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. बेने इस्राएल मिशनच्या शाळांत शिकले, मराठी जुना करार वाचू लागले, आणि जवळजवळ सगळे यहूदीच राहिले. उलट स्वतःचा धर्म त्यांना अधिक नीट कळला. मला या इतिहासाचा अभिमान वाटतो, दोन्ही बाजूंचा.

याच बेने इस्राएल समाजातल्या, शिमोग्यात जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांचं नाव बंगळूरकरांना माहीत असायला हवं. लंडनहून एम.डी. होऊन आल्यावर 1920च्या दशकात त्यांनी काही काळ इथल्या प्रसूती रुग्णालयात काम केलं. लंडनमधल्या उदारमतवादी यहूद्यांचा त्यांच्यावर प्रभाव होता आणि 1925 साली मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. त्या लंडनच्या चळवळीतले क्लॉड माँटेफिओरे यांनी 1909 साली पहिल्या तीन शुभवर्तमानांवर मोठं भाष्य लिहिलं. एक यहूदी पंडित येशूची वचनं आदराने तपासतो, जिथे पटत नाही तिथे तसं स्पष्ट लिहितो. आपण यहूद्यांच्या परूशी गुरूंबद्दल इतक्या आदराने कधी वाचलं? परूशी म्हणजे ढोंगी, एवढ्यावरच आपला अभ्यास संपतो.

यहूदी परंपरा समजली तर शुभवर्तमानही अधिक कळतं. एलीयाचंच पाहा. बेने इस्राएल घरात लग्न असो, नवस फेडायचा असो, एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या, नावाने मलिदा होतो. पोहे भिजवून त्यात साखर, ओलं खोबरं, वेलची घालतात, ताटात फळं मांडतात आणि हिब्रूत स्तवन म्हणतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे. आता मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय उघडा. प्रभूची आरोळी ऐकून जवळच्या लोकांना वाटतं, हा एलीयाला बोलावतोय. संकटात एलीया धावून येतो, ही त्या लोकांची श्रद्धा आजही मराठी घरांत जिवंत आहे. उत्तम शुक्रवारच्या संदेशात हे जरूर सांगा.

मात्र संवाद करायचा तर नीट करा. ज्यू शेजाऱ्याच्या हाती पत्रकं देऊ नका, आणि त्याला 'प्रभूकडे आणायचं' असं मनात धरून चहाला बोलावू नका. रब्बी जोसेफ सोलोवेचिक यांनी 1964 साली मांडलं होतं की, समाजाच्या कामात एकत्र या, पण श्रद्धेच्या गाभ्यावर वाटाघाटी नकोत. कोणी तसं म्हणाला तर मान ठेवा. 2000 साली अनेक यहूदी विद्वानांनी सही केलेल्या 'दाब्रू एमेत' या निवेदनात ख्रिस्ती लोकांकडे मैत्रीचा हात आहे, आणि मतभेद मिटणार नाहीत हेही त्यात स्वच्छ म्हटलं आहे. येशू मसीहा आहे असं आपण मानतो, ते मानत नाहीत. हे दोघांनीही झाकू नये.

युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज 1910 पासून या शहरात आहे, धर्माराम ही धर्मशिक्षणसंस्थाही आहे. महिला मंडळाने किंवा तरुण संघाने तिथल्या जुन्या कराराच्या एखाद्या प्राध्यापकांना एका संध्याकाळी बोलवावं. आणि पाळकांनो, यंदा योहानाच्या शुभवर्तमानातलं दुःखसहन वाचण्याआधी मंडळीला एवढं सांगा: इथे 'यहूदी' म्हटलंय ते त्या वेळच्या काही अधिकाऱ्यांना, आपल्या शेजाऱ्यांना नव्हे.