छिद्र मोठे, हिशेब खोटा

डिझेल ट्रकचा इंजेक्टर बदलायला निघालेल्या मालकाच्या मनात बहुधा दोन अपेक्षा एकत्र नांदत असतात : गाडीने डिझेल कमी प्यावे, आणि भरल्या मालासह घाट चढताना तिचा दम तुटू नये. दोन्ही अपेक्षा रास्त असल्या, तरी मूळ मापापेक्षा मोठ्या छिद्रांचे नोझल बसवले की त्या एकदमच पूर्ण होतील, ही समजूत वाहतूक व्यवसायाला महागात पडणारी आहे. चांगला इंजेक्टर गेलेले ॲव्हरेज परत आणून देतो. इंजिनात मुळातच नसलेले ॲव्हरेज तो निर्माण करत नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबल्यामुळे तापलेल्या हवेत इंधन फवारले जाते आणि ते आपोआप पेटते. हा फवारा योग्य क्षणी, योग्य मात्रेत आणि धुक्याइतका बारीक करून सोडणारा भाग म्हणजे इंजेक्टर, आणि त्याचे छिद्रे असलेले टोक म्हणजे नोझल. रुडॉल्फ डिझेलच्या सुरुवातीच्या इंजिनांत हा फवारा दाबलेल्या हवेच्या जोरावर सोडावा लागत असे. १९२७ साली बॉश कंपनीने इंधन-पंपाचे नियमित उत्पादन सुरू केल्यानंतर डिझेल इंजिन ट्रकवर बसवण्याइतके आटोपशीर झाले. त्या पिढीच्या रचनेत पंप इंधन ढकलतो आणि दाब साधारण २०० ते २५० बारपर्यंत चढला (एक बार म्हणजे जवळपास वातावरणाइतका दाब) की नोझलमधली सुई स्प्रिंगविरुद्ध उचलली जाऊन फवारा सुटतो. पंपाचा स्क्रू फिरवून ‘डिझेल वाढवण्याची’ गॅरेजमधली सवय याच काळातली असून, त्या इंजिनांपुरती ती निदान समजण्याजोगी होती, कारण तिथे इंधनाच्या मात्रेवर मेकॅनिकच्या हाताखेरीज दुसरी देखरेख फारशी नव्हती.

१९९५ च्या सुमारास जपानी ट्रकवर आणि १९९७ साली युरोपीय मोटारींवर आलेल्या कॉमन रेल पद्धतीने हे चित्र पालटले. या पद्धतीत पंप एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, इंधन सतत उच्च दाबाखाली साठवून ठेवतो, आणि प्रत्येक इंजेक्टर इंजिनच्या संगणकाकडून, म्हणजे ईसीयूकडून, आलेल्या विद्युत-आज्ञेनुसार उघडतो. आजच्या ट्रकमध्ये हा दाब १६०० ते २००० बार आणि काही रचनांत त्याहूनही अधिक असतो, तर नोझलच्या छिद्रांचा व्यास मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांच्या घरात असतो. प्रत्येक ज्वलनात एकच फवारा न सोडता आधी अगदी थोडे, मग मुख्य आणि गरजेनुसार नंतर पुन्हा थोडे इंधन सोडले जाते, त्यामुळे इंजिनाची खडखड कमी होते आणि धूर आटोक्यात राहतो. मुद्दा असा, की या पद्धतीत ईसीयू इंधन मोजत नाही. अमुक दाबाला अमुक इतका वेळ नोझल उघडे राहिले तर किती इंधन जाईल, याचे कोष्टक त्याच्या स्मृतीत आधीच भरलेले असते. छिद्र बदलले की ते कोष्टक खोटे ठरते आणि ईसीयूला त्याचा पत्ताही लागत नाही.

घाटातल्या ओढीचा प्रश्न तर नोझलच्या आधी पदार्थविज्ञानाचा आहे. ५५ टनांचा भरलेला ट्रेलर बोरघाटात ५०० मीटर उंच चढतो असे धरले, तर केवळ ते वजन वर नेण्यासाठी सुमारे २७० मेगाज्यूल ऊर्जा खर्च होते. एक लिटर डिझेलमध्ये जवळपास ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि सर्वसाधारण ट्रक-इंजिन तिच्यातला सुमारे ४० टक्केच भाग चाकांच्या दिशेने पाठवू शकते. म्हणजे चाकांचे घर्षण आणि हवेचा रोध बाजूला ठेवले, तरी त्या चढणीला १९ लिटरांच्या आसपास डिझेल लागणारच. कोणत्याही बनावटीचे नोझल हा आकडा निम्म्यावर आणू शकत नाही. बिघडलेला इंजेक्टर मात्र तो सहज वाढवू शकतो, आणि निवडीचा खरा विचार याच ठिकाणाहून सुरू व्हायला हवा.

मोठ्या नोझलचा मोह अमेरिकेतल्या पिकअप ट्रकच्या बाजारातही दिसतो, जिथे ‘इतकी अश्वशक्ती वाढवणारे’ इंजेक्टर संचाने विकले जातात. तिथल्या रॅम पिकअपमध्ये कमिन्सचे ६.७ लिटरचे इंजिन असते, आणि टाटाच्या ५५३० या ट्रेलर ओढणाऱ्या गाडीतही कमिन्सचे ६.७ लिटरचेच इंजिन बसवलेले आहे, त्यामुळे तिकडचा सल्ला इकडे लागू पडेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण आकडे शेजारी ठेवले की फरक डोळ्यांत भरतो. रॅमच्या अधिक ताकदीच्या आवृत्तीत ४०० हून अधिक अश्वशक्ती आणि सुमारे १४५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, मिळतो आणि ती गाडी फार तर १६-१७ टनांचा ट्रेलर ओढते; टाटाच्या गाडीत ३०० अश्वशक्ती आणि ११०० न्यूटन-मीटर मिळतात आणि तिच्यावर एकूण ५५ टनांचा भार असतो. आकाराने तेच असलेले इंजिन भारतात मुद्दाम कमी ताकदीवर बांधले गेले, यात काटकसर नसून दूरदृष्टी आहे, कारण पिकअपला पूर्ण ताकद क्वचित आणि थोडा वेळ लागते, तर ट्रेलरच्या इंजिनाला घाटात ती वीस-पंचवीस मिनिटे सलग द्यावी लागते. एवढ्या वेळात टर्बोपूर्वी धुराचे तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या वर राहिले, तर पिस्टन, व्हॉल्व्ह आणि टर्बो यांचे आयुष्य झपाट्याने घटते. आणि हवा तेवढीच ठेवून इंधन वाढवले की तापमान वाढते, हा डिझेलचा स्वभावच आहे.

मोठ्या छिद्राच्या बाजूनेही एक युक्तिवाद आहे आणि तो अगदीच पोकळ नाही : तेवढेच इंधन कमी वेळात आत गेले, तर त्याचे ज्वलन पिस्टन वरच्या टोकाजवळ असतानाच आटोपते आणि पूर्ण भाराखाली कार्यक्षमता किंचित सुधारू शकते. परंतु त्यासाठी ईसीयूचे कोष्टक, टर्बोची हवा आणि फवाऱ्याची वेळ ही सगळी नव्याने बसवावी लागतात, आणि कमी भारावर मोठ्या छिद्रातून पडणारे जाडे थेंब अर्धवट जळून मिळालेला लाभ परत घेतात. फवाऱ्याचा कोन हा याहून फसवा भाग आहे. पिस्टनच्या माथ्यावरील खळग्यात इंधन नेमके पडावे असा तो कोन ठरवलेला असतो, आणि खळग्याचा आकार बदलला की कोनही बदलतो. अमेरिकेतल्या पिकअपमधील ५.९ लिटरच्या कमिन्स इंजिनातच २००४ च्या मध्याआधीचे आणि नंतरचे नोझल या कारणाने वेगळे आहेत. बसते म्हणून बसवलेले नोझल सिलिंडरच्या भिंतीवर डिझेल मारते, तेथील ऑइल धुऊन काढते आणि चेंबरमधले ऑइल पातळ करते.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनी या प्रयोगांना आणखी एक किंमत लावली आहे. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो भरला की जास्तीचे डिझेल जाळून साफ केला जातो. म्हणजे नोझलने केलेली काजळी शेवटी मालकाच्याच टाकीतल्या डिझेलने जाळली जाते. शिवाय निर्मात्याने ठरवलेल्या रचनेत परस्पर बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते, ते वेगळेच.

तेव्हा भार ओढणाऱ्या गाडीसाठी इंजेक्टर निवडायचा, तो इंजिनाच्या क्रमांकाला जुळणाऱ्या मूळ पार्ट नंबरचाच. नवा घ्यावा की रिकंडिशन, हा खिशाचा प्रश्न आहे, आणि जाणकाराने उघडून, नोझल व व्हॉल्व्ह नवे घालून, टेस्ट बेंचवर तपासलेला इंजेक्टर स्वस्त डुप्लिकेटपेक्षा केव्हाही बरा. बेंचवर एकट्या पूर्ण भाराचे माप पुरत नाही. आयडलिंग, सुरुवातीचा बारीक फवारा आणि रिटर्न, म्हणजे इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारे डिझेल, या सर्वांची नोंद कागदावर मागावी. रिटर्न वाढलेला एक इंजेक्टरही रेलचा दाब पाडून घाटात गाडीची ओढ कमी करतो, आणि अशा वेळी सगळा संच बदलण्याऐवजी सगळे तपासून नादुरुस्त तेवढेच बदलणे शहाणपणाचे ठरते. अनेक इंजेक्टरांच्या डोक्यावर त्यांच्या सूक्ष्म फरकांचा सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो, आणि ज्या इंजिनांत तो स्कॅनरने ईसीयूत भरण्याची सोय आहे, तिथे तो न भरता गाडी सोडणारा मेकॅनिक अर्धेच काम करून पूर्ण मजुरी घेतो. इंजेक्टरखालचा कॉपर वॉशरसुद्धा सांगितलेल्या जाडीचाच हवा, कारण जाडी बदलली की नोझलचे टोक खळग्यात कमी-जास्त उतरते.

इतके करूनही कॅनमधले संशयास्पद डिझेल भरले किंवा पाणी वेगळे करणारा फिल्टर वेळेवर रिकामा केला नाही, तर दोन-तीन मायक्रॉनच्या फटींवर चालणारा नवा संच काही महिन्यांत जुना होतो. म्हणून ॲव्हरेज पडले की आधी डिझेल फिल्टर, हवेचा फिल्टर, टर्बोच्या होजमधली गळती, टायरमधली हवा आणि चिकटलेले ब्रेक तपासावेत, आणि त्यानंतरच इंजेक्टर काढावेत. बदल केल्यावर त्याच मार्गावर, तेवढ्याच मालासह, टाकी फुल करून पुन्हा फुल होईपर्यंतचा हिशेब निदान तीन-चार फेऱ्या लिहून ठेवावा. आणि जो विक्रेता बेंचचा अहवाल दाखवत नाही, त्याच्याकडून इंजेक्टर घेऊ नये, मग तो कितीही ॲव्हरेज वाढवून देण्याची हमी देवो.