मळ्यातली मळे

कानडीत 'मळे' म्हणजे पाऊस आणि मराठीत 'मळे' म्हणजे बागायती शेते. ही गंमत आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांनाच कळणार. तर पाऊस आपल्या मळ्यांतून काय काय विरघळवून नेतो, ते आज पाहू. त्याआधी जरा लांब, ग्वाल्हेरला जाऊन येऊ.

ग्वाल्हेर स्टेशनजवळच्या भागाला पडाव म्हणतात. शेजारीच फुलबागेत झाशीच्या राणीची समाधी आहे आणि जवळून स्वर्णरेखा वाहते. नाव नदीचे, पण शहरात तिचे गटार झाले आहे, पात्रही काँक्रीटने बांधलेले. छपरे, रस्ते, फरशा यांत पाणी मुरत नाही. त्यामुळे उन्हाळाभर साचलेले तेल, धूळ, शेण पहिल्याच सरीत खाली येते. तांदूळ धुताना पहिले पाणी सर्वांत पांढरे, तसेच हे.

मातीच्या उतारावर हिशेब जरा निराळा. तिथे काही पाणी मुरते, काही वाहते. वाहते पाणी सगळ्या शेतातले खत उचलत नाही; थेंबांच्या माऱ्याने जो पातळ थर घुसळला जातो, तेवढ्यातलेच उचलते. अमेरिकेत आहुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये किरणोत्सारी फॉस्फरस वापरून हा थर मोजला. तो निघाला जेमतेम काही मिलिमीटरचा! गणित करणारे या थराला एक भांडे समजतात. वरून पाऊस पडतो, आत खत मिसळते, बाहेर गढूळ पाणी जाते आणि दर मिनिटाला उरलेल्यातला ठरावीक हिस्सा कमी होतो. खरी माती इतकी सरळ वागत नाही. खालच्या थरातले क्षार हळूहळू वर येत राहतात. तरी अंदाजाला हे भांडे पुष्कळ उपयोगी.

आपली काळी माती तर जास्तच लहरी. कोरडी असताना भेगांतून पाणी गटागटा पिते. भिजून फुगली की भेगा मिटतात आणि पाणी वरून धावते. अशा भिजल्या रानात दुपारी युरिया फोकला आणि संध्याकाळी वळीव कोसळला, तर तो पहिल्या लोंढ्यातच ओढ्याला लागतो. पुढे दूधगंगा, वेदगंगा आहेतच. कोल्हापूरकडून बेळगावकडे जाताना त्या कुणाला भाषा विचारत नाहीत. खत मातीआड केले किंवा आधी हलके पाणी दिले, तर ते त्या वरच्या थराखाली उतरते आणि पाऊस त्याला सहज गाठत नाही.

मात्र इथे एक अडचण आहे. ओढ्यापासून वाचलेले खत पिकाने घेतले नाही, तर त्याचे नायट्रेट होऊन ते मुरत विहिरीकडे जाते. पिण्याच्या पाण्यात त्याची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याला रंग नाही, वास नाही, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. सहा महिन्यांच्या आतले बाळ वरच्या पावडरच्या दुधावर असेल, तर जास्त नायट्रेटने त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते आणि ओठ, नखे निळसर दिसू लागतात. घरोघरी आई, आज्जी पाणी उकळून घेतात. जंतूंसाठी ते योग्यच आहे. पण नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटले की उलट दाट होते. मळ्यातल्या विहिरीचे पाणी बाळाच्या दुधाला वापरत असाल, तर पावसाळ्यानंतर ते एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. तोवर दुधासाठी दुसरे, तपासलेले पाणी आणा.