रुग्णाची फाइल मोबाइलमध्ये, पण प्रत एकच!

‘जुने कागद आणलेत का?’ सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हा प्रश्न रोज विचारला जातो. पूर्वी उत्तरादाखल प्लास्टिकच्या पिशवीतून केसपेपर, एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट टेबलावर यायचे. आता अनेकदा मोबाइल पुढे केला जातो. लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो, एक्स-रेचा फोटो संगणकाच्या पडद्यावरून काढलेला असतो, डिस्चार्ज कार्डाचाही फोटोच जपलेला असतो. ही सोय चांगलीच आहे. अडचण येते ती मोबाइल लोकलमध्ये चोरीला गेला, विहिरीत पडला किंवा बिघडून बदलावा लागला की. मग उत्तर मिळते, ‘सगळं जुन्या फोनमध्ये होतं.’

लग्नाचे फोटो गेले तर हळहळ वाटते. रिपोर्ट गेले तर उपचारांची दिशा चुकू शकते. छातीत दुखते म्हणून आलेल्या रुग्णाच्या ईसीजीत बदल दिसला, तर तो आजचा की जुनाच, हे कळायला आधीचा ईसीजी शेजारी ठेवावा लागतो. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले आढळले, तर गेल्या वर्षी ते किती होते यावरून मूत्रपिंडाचे दुखणे अचानकचे की मुरलेले, याचा अंदाज येतो. फुप्फुसातील डाग बरा झालेल्या क्षयाचा व्रण असू शकतो किंवा नवा आजारही. स्टेंट केव्हा बसवला हे माहीत नसेल, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवाव्यात की नाही, हे ठरवणे जोखमीचे होते. जुना कागद नसला की तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. खर्च वाढतो, मजुरी बुडते आणि निर्णयाला उशीर होतो.

रुग्णालयाकडे नोंद असेलच, हा भरवसाही मर्यादित आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमावलीनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपायच्या आणि मागणी झाल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. मधुमेह, हृदयविकार, कर्करोग यांची सोबत मात्र त्याहून कितीतरी लांबची असते.

बिघडलेल्या फोनमधून माहिती काढता येईल, हीही आशा बहुधा फोल ठरते. आजचे फोन माहिती सांकेतिक रूपात साठवतात आणि ती उलगडण्याची किल्ली त्याच फोनच्या चिपशी बांधलेली असते. त्यामुळे चोराला फोटो सहजी वाचता येत नाहीत. पण मुख्य बोर्ड जळाला, तर मालकालाही ते परत मिळवणे जवळजवळ अशक्य होते. बॅकअप आधीच घेतलेला हवा.

‘गुगल फोटोज चालू आहे’ एवढ्याने काम भागत नाही. तिथे मुख्यतः कॅमेऱ्याने काढलेले फोटो जातात. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंच्या फोल्डरचा बॅकअप वेगळा सुरू करावा लागतो आणि पीडीएफ रिपोर्ट तर तिथे जातच नाहीत. गुगलची मोफत जागा १५ जीबी. अँड्रॉइड फोनवर ईमेल, फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप तिच्यातच बसवावा लागतो. शुभेच्छांच्या व्हिडिओंनी ती भरली, की बॅकअप थांबतो. आयफोनवर मोफत जागा ५ जीबीच आहे. शिवाय फोनमध्ये जागा करण्यासाठी गुगल फोटोजमधून फोटो काढून टाकला, तर तिथली प्रतही जाते.

‘आभा’ क्रमांकाबद्दलही गैरसमज आहे. हा १४ अंकी क्रमांक काढला म्हणजे सगळे रिपोर्ट आपोआप साठले, असे नाही. रुग्णालय किंवा लॅब या व्यवस्थेत असेल आणि तिने नोंद त्या क्रमांकाशी जोडली असेल, तरच ती दिसते.

उपाय अवघड नाही. आरोग्याच्या कागदांचे वेगळे फोल्डर करावे. त्याची एक प्रत ड्राइव्ह किंवा डिजिलॉकरवर आणि दुसरी घरातल्या पेन ड्राइव्हवर किंवा विश्वासू नातेवाइकाच्या फोनमध्ये ठेवावी. खात्याचा पासवर्ड घरातल्या सुरक्षित जागी लिहून ठेवावा. रिपोर्ट खासगी असतात, म्हणून ते कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नयेत. महिन्यातून एकदा दुसऱ्या फोनवरून एखादा रिपोर्ट उघडून पाहावा. उघडला तरच बॅकअप खरा. यासोबत पाकिटात एक चिठ्ठी असावी. तिच्यावर आजार, चालू औषधे, कशाची ॲलर्जी, कोणती शस्त्रक्रिया केव्हा झाली आणि रक्तगट लिहावा. बेशुद्ध माणसाचा फोन कुलूपबंद असतो, चिठ्ठी मात्र कुणालाही वाचता येते. कागदालाही प्रत लागते. ईसीजी ज्या उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर निघतो, तो काही काळाने पुसट होतो. त्याची झेरॉक्स लगेच काढावी.

तरीही हा सगळा भार रुग्णावर टाकणे न्याय्य नाही. अनेक वृद्धांकडे आणि शेतमजुरांकडे स्वतःचा स्मार्टफोन नसतो. रिपोर्ट मुलाच्या फोनवर जातो आणि फोन मुलासोबत कामाच्या गावी. ‘व्हॉट्सॲपवर पाठवलंय’ म्हणून लॅबची जबाबदारी संपत नाही. मागणाऱ्याला छापील रिपोर्ट मिळावा, डिस्चार्ज कार्ड सुवाच्य असावे आणि सरकारी रुग्णालयांनी नोंदी ‘आभा’शी जोडण्याचे काम नोंदणीच्या आकड्यांपुरते ठेवू नये. फोन दोन-तीन वर्षांत बदलतो. आजाराचा इतिहास आयुष्यभर लागतो, तो जपण्याची व्यवस्थाही तितकीच टिकाऊ हवी.