ब्लूजची मैफल आणि 'अस्सल'पणाचा हट्ट

शिकागो ब्लूजच्या मैफलीला 'पारंपरिक' म्हणताना जरा थांबायला हवे. ज्या नादाला आज परंपरा म्हणून मान मिळतो, तो मुळात एका अडचणीतून निघालेला मार्ग होता. १९४३ साली मडी वॉटर्स मिसिसिपीतला कापसाचा मळा सोडून शिकागोला आला. गावाकडे साधी गिटार पुरत असे; शहराच्या दक्षिण भागातल्या मद्यगृहांत, दिवसभर राबून आलेल्या कृष्णवर्णीय कामगारांच्या गलबल्यात ती ऐकू येईना. म्हणून विजेची गिटार आली. लिटल वॉल्टरने हार्मोनिका मायक्रोफोनसकट मुठीत धरली आणि त्या चिमुकल्या वाद्याला भरदार गळा लाभला. नागर ब्लूजचा नाद असा त्याच्या श्रोत्यांनी घडवला आहे.

१९५८ साली वॉटर्स इंग्लंडला गेला तेव्हा तिथल्या काही रसिकांना ही वीज खपली नाही. त्यांना मळ्यावरचा 'अस्सल' गायक हवा होता. १९६३ च्या दौऱ्यात तो साधी गिटार घेऊन गेला, तर तोवर तिथे विजेच्या गिटारचीच ओढ लागलेली! अस्सलपणाची व्याख्या ऐकणाऱ्याच्या सोयीने बदलते ती अशी.

मग या संगीतात टिकाऊ काय? माझ्या मते, त्यातली मोकळी जागा. बारा बारच्या आराखड्यात गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर देतो. प्रत्येक ओळीनंतर जागा उरते. तिथे वाद्य बोलते आणि सभागृहही. बी. बी. किंगची १९६४ मध्ये शिकागोच्या रीगल थिएटरात ध्वनिमुद्रित झालेली मैफल ऐकावी. श्रोत्यांचे चीत्कार वगळले तर ते गाणे अर्धे उरेल. रीगल १९७३ साली पाडले गेले. तो संवाद ध्वनिमुद्रिकेत राहिला.

आज शिकागोतल्या क्लबांत पर्यटकांची मोठी वर्दळ असते. त्यांच्यामुळे वादकांची चूल पेटते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तीच ठरावीक गाणी, जुन्या ध्वनिमुद्रिकेबरहुकूम मागणारा श्रोता कलावंताला संग्रहालयाचा रखवालदार करून टाकतो. ओळीनंतरची ती जागा मोबाइल उंच धरून भरत नाही. तिथे दाद द्यावी लागते. परंपरा राखायची जबाबदारी मंचावरच्या माणसाइतकीच मंचासमोरच्या माणसाचीही आहे.