विसाव्याचा वार कुणाचा?



गेल्या तिमाही बैठकीत एका मैत्रिणीनं मांडलेल्या प्रश्नावरून आपल्यात बराच वाद झाला. ही मैत्रीण ठाण्यात राहते, बेने इस्राएल समाजातली आहे, एका खासगी कार्यालयात हिशेबाचं काम करते. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत ती शब्बाथ पाळते. कार्यालयाला पूर्वी शनिवार-रविवार सुट्टी असे. आता कामाचे दिवस सहा झाले आणि शनिवारी यायचं नसेल तर राजीनामा द्या, असं तिला तोंडी सांगण्यात आलं. रोज तासभर जास्त थांबते, वर्षअखेरीच्या कामाला रविवारी येते, हे तिचं म्हणणं कुणी ऐकूनही घेतलं नाही.

बैठकीत दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, हा धर्माचा प्रश्न आहे. धर्माच्या नावाखाली बायकांवर जे लादलं जातं त्याच्याशी आपण झगडतो, मग एखादा धार्मिक नियम पाळता यावा म्हणून आपण कशाला उभं राहायचं? दुसऱ्या म्हणाल्या, बाईची नोकरी जायची वेळ आलीय, आणखी काय हवं? एकमत झालं नाही. म्हणून हा विषय इथे सविस्तर मांडतो आहोत.

शब्बाथ ही आपल्याकडे कुठून तरी आयात झालेली गोष्ट नाही. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले. कोकणातल्या गावागावांत ते स्थिरावले, घाणे चालवून तेल काढू लागले. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं, शनिवार तेली. आपल्याच मराठी मुलखात एका कष्टकरी जातीची ओळख तिच्या विसाव्याच्या वारावरून ठरली, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. घाणा स्वतःचा होता तोवर तो कधी थांबवायचा हे त्यांच्या हातात होतं. पुढे समाज मुंबईला आला, पलटणीत, रेल्वेत, कचेऱ्यांत, दवाखान्यांत नोकरीला लागला आणि वार ठरवण्याचा अधिकार मालकाकडे गेला. आपल्या मैत्रिणीची अडचण तिथूनच सुरू होते.

शब्बाथची मूळ आज्ञा काय सांगते? सातव्या दिवशी कुणी काम करायचं नाही, हे सांगून ती थांबत नाही. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरं आणि तुझ्याकडे राहणारा परका, अशी यादीच ती देते. आणि दुसऱ्या ठिकाणी कारणही देते की तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होतात हे विसरू नका. म्हणजे या विसाव्याच्या मुळाशी गुलामीची आठवण आहे. दासीला आणि बैलालाही विसावा मिळालाच पाहिजे, ही मागणी आपल्या कुठल्याही कामगार संघटनेच्या निवेदनात शोभेल अशी आहे.

पण यादी पुन्हा वाचा. तीत बायको नाही. धर्मपंडित म्हणतात, ‘तू’ मध्ये ती आलीच. नियमानं तिलाही काम करायची मुभा नाही, हे खरं. पण जेवण तर शनिवारीही लागतं. चूल पेटवायची नाही, स्वयंपाक करायचा नाही, म्हणजे तो शुक्रवारी उरकून ठेवायचा. घर झाडायचं, कपडे धुवायचे, मुलांना आंघोळी घालायच्या आणि सूर्य मावळायच्या आधी दिवे लावून मोकळं व्हायचं. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यानंतर गाडीत बसणंही वर्ज्य. म्हणजे कचेरीतून लवकर निघून, लोकलची गर्दी कापून, दोन दिवसांचं काम दोन तासांत करणारी बाई शब्बाथच्या दाराशी पोचते ती धापा टाकत. घरातल्या सगळ्यांच्या विसाव्याची किंमत तिनं आदल्या दिवशी भरलेली असते. आपली ही मैत्रीणच बैठकीत म्हणाली, "शनिवार माझा हक्काचा आहे, पण शुक्रवार माझा जीव घेतो."

रविवार पाळणाऱ्यांनी हसू नये. आपला रविवार कसा मिळाला हे तरी कितीजणींना ठाऊक आहे? महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या, त्यात रविवारची सुट्टी ही ठळक मागणी होती. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. त्यांची नावं आज आपल्या तोंडी नाहीत. 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली आणि 1891 च्या कायद्यानं साप्ताहिक सुट्टीवर शिक्कामोर्तब केलं. रविवारच का, याचं एक कारण असं सांगितलं जातं की तो खंडोबाचा वार. गोऱ्या साहेबाचा चर्चचा वार आणि कामगाराचा जेजुरीचा वार एक झाला. थोडक्यात, ज्याला आपण ‘निधर्मी’ सुट्टी समजतो तिलाही कुणाच्या तरी देवाचा वार चिकटलेला आहे. बहुसंख्यांचा वार कॅलेंडरात लाल शाईनं छापला जातो, म्हणून तो धर्माचा वाटत नाही एवढंच.

हाच मुद्दा अमेरिकेत एका कामगार बाईनं न्यायालयापर्यंत नेला होता. ॲडेल शर्बर्ट ही साउथ कॅरोलायनातल्या कापड गिरणीतली कामगार. 1957 साली ती शनिवार पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथात गेली. 1959 साली गिरणीनं आठवड्याचे कामाचे दिवस पाचाचे सहा केले, शनिवार कामाचा झाला. ती आली नाही म्हणून तिला काढून टाकलं. दुसऱ्या गिरण्यांतही शनिवार सोडून काम मिळेना. राज्य सरकारनं बेकारी भत्ताही नाकारला. 1963 साली सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी तिच्या बाजूनं निकाल दिला. श्रद्धा किंवा पोट, यांतलं एक निवड, असं सरकार तिला म्हणू शकत नाही, हा त्याचा मथितार्थ. त्याच राज्याचा कायदा रविवार पाळणाऱ्यांना मात्र संरक्षण देत होता, याकडेही न्यायालयानं बोट दाखवलं.

पण मालकावर बंधन किती, हा प्रश्न त्यानंतरही उरला. 1977 च्या एका निकालानं मालकाला जवळपास मोकळं सोडलं. किरकोळ खर्च येत असेल तरी त्यानं नकार द्यावा, असा त्याचा अर्थ लावला जाऊ लागला. रविवारी टपाल वाटायला नकार देणाऱ्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात 2023 साली हा अर्थ बदलला. आता तिथे मालकाला नुसती गैरसोय सांगून भागत नाही, धंद्यावर भरीव बोजा पडतो हे दाखवावं लागतं.

या खटल्यांत आपल्या कामाचा आणखी एक प्रश्न आहे. एकीनं शनिवार सोडला तर तो भरायचा कुणी? बहुतेक ठिकाणी तो शेजारच्या टेबलावरची बाई भरते. तिलाही घर असतं, आजारी सासू असते, मुलाची शाळा असते. मग दोघींत भांडण लागतं आणि मालक पंच म्हणून मधे उभा राहतो. ही वाट आपण धरायची नाही. माणसं कमी ठेवायची आणि उरलेलीकडून जास्त काम काढायचं, हा निर्णय मालकाचा असतो. त्याचा भार एका बाईच्या श्रद्धेवर किंवा दुसऱ्या बाईच्या भलेपणावर टाकता येणार नाही. वारांची अदलाबदल लेखी असावी, आधी ठरलेली असावी आणि जी दुसरीचा वार भरते तिला तिचा वार परत मिळावा.

काही कामं थांबवताच येत नाहीत, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो खरा आहे, आणि जुन्या लोकांनाही तो ठाऊक होता. ज्यूंच्या धर्मशास्त्रात जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा असं स्पष्ट आहे. बाळंतीण अडली तर सुईण दुसऱ्या गावाहूनही आणावी, तिच्यासाठी शब्बाथ मोडावा, असं मिश्नेत सांगितलं आहे. बेने इस्राएल समाजातल्याच डॉ. जेरुशा झिराड 1928 ते 1947 मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. 1925 साली उदारमतवादी ज्यू प्रार्थनासंघ मुंबईत उभा करण्यातही त्यांचा पुढाकार होता. बाळंतपणाचा वार ठरवता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण बाळंतिणीसाठी मोडलेला वार वेगळा आणि दुकानाचा सेल आहे म्हणून मोडायला लावलेला वार वेगळा. ‘अत्यावश्यक’ या शब्दाखाली आज काहीही खपवलं जातं, तिथे आपण हा फरक ठणकावून सांगायला हवा.

महाराष्ट्रात 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानं दुकानं वर्षाचे 365 दिवस उघडी ठेवायची मुभा दिली. त्याबरोबर प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टी द्यावी, असंही म्हटलं. छोटी दुकानं त्यातल्या बऱ्याच तरतुदींच्या बाहेर राहिली. जिथे सुट्टी मिळते तिथे ती फिरती झाली, या आठवड्यात मंगळवार तर पुढच्या आठवड्यात गुरुवार. वसईची बाई रविवारी मॉलमध्ये उभी असते आणि तिची मिस्सा चुकते. याबद्दल बोलताना एका मैत्रिणीनं मात्र वेगळंच सांगितलं. ती म्हणाली, "मला मंगळवारच बरा. घरात कुणी नसतं. रविवारी मटण, पाहुणे, साचलेली धुणी, शिवाय सगळ्यांना गरम चपात्या. रविवारी सुट्टी घेतली तर मी जास्त दमते."

हे ऐकून हसू आलं, पण प्रश्नाचं मूळ तिथंच आहे. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष 88 मिनिटं. कायद्यानं दिलेली सुट्टी पगारी कामापुरती असते. चुलीला सुट्टी देणारा कायदा नाही. शनिवार असो, रविवार असो की मंगळवार, घरातल्या कामाची वाटणी होत नाही तोवर बाईचा वार तिच्या हाती लागत नाही.

आणि मग ती कुणाला तरी कामाला ठेवते. आपल्यातल्या कितीजणींचा रविवार घरकामगार बाईच्या रविवारवर उभा आहे? 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, संघटना बांधली. त्यांच्या मागण्यांत पगारवाढीबरोबर सुट्टीही होती. 2008 साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यानं नोंदणी आणि काही लाभ दिले, आठवड्याची सुट्टी दिली नाही. 2011 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार केला, त्यात आठवड्याला सलग चोवीस तास विश्रांती आहे. भारतानं बाजूनं मत दिलं, पण करार अजून स्वीकारलेला नाही. कारखान्यांतल्या साप्ताहिक विश्रांतीचा करार मात्र भारतानं 1923 सालीच स्वीकारला होता. दासीला विसावा द्या, ही आज्ञा हजारो वर्षांपूर्वी लिहिली गेली. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईपर्यंत ती अजून आलेली नाही.

तेव्हा पहिल्या तटाच्या मैत्रिणींना आमचं उत्तर असं. कुठल्या धर्माचा वार खरा, हे ठरवायला आपण बसलेलो नाही. बाईनं शब्बाथ पाळावा, असंही आपण म्हणत नाही. ज्या बाईला तो पाळायचा नाही, तिला समाजानं, नवऱ्यानं किंवा सासूनं भाग पाडलं तर आपण तिच्याही बाजूनं उभ्या राहू. आपला आग्रह एवढाच की कधी थांबायचं हे ठरवण्यात बाईचा शब्द चालला पाहिजे, आणि त्यासाठी तिची भाकरी हिरावली जाता कामा नये. मालकाची मनमानी आणि घरातली मनमानी, दोन्हींविरुद्धचा हा एकच झगडा आहे.

ठाण्याच्या मैत्रिणीबरोबर आपल्या दोघीजणी तिच्या कार्यालयात जाणार आहेत. तिची अट लेखी घ्यायची, राजीनामा द्यायचा नाही, एवढं तूर्त ठरलं आहे. पुढं काय होतं ते पुढच्या अंकात कळवू.

तोवर प्रत्येक गटानं एक काम करावं. पुढच्या बैठकीत कागद घेऊन लिहून काढावं की आपल्यापैकी कुणाला आठवड्याची सुट्टी आहे, कुठल्या वारी, पगारी की बिनपगारी, आणि त्या दिवशी घरात स्वयंपाक कोण करतं. ज्यांच्या घरी बाई कामाला येते त्यांनी तिचा वार कोणता, हेही लिहावं. आणि हो, आपल्या बैठका आपण बिनदिक्कत शनिवारी किंवा रविवारी ठेवतो, तेव्हा कोण येऊ शकत नाही, हेही एकदा विचारावं. यादी आमच्याकडे पाठवा. पुढच्या मागणीपत्रकाचा मसुदा त्या याद्यांवरूनच करायचा आहे.