मटार सोलता सोलता
साडेतीन वर्षांचं मूल 'काका'ला 'ताता' म्हणतं आणि अख्खं घर त्याच्याभोवती बसून 'क म्हण, क म्हण' करत राहतं. मला हे पाहवत नाही. 'क'साठी जिभेचा मागचा भाग वर टेकवावा लागतो. ते जमेपर्यंत मूल पुढचं टोक वापरतं, म्हणून 'क'चा 'त' होतो. 'र' तर आणखी उशिरा येतो. अशा वेळी चूक दाखवू नका. 'ताता आले' ऐकलं की 'हो, काका आले! काकांनी काय आणलं?' एवढंच म्हणा. नीट उच्चार कानावर पडतो आणि गप्पाही तुटत नाहीत. मुलाला बोलतं करायला महागडी खेळणी कशाला, मटारच्या शेंगा पुरतात. शेंग फोडा, 'आत काय दिसतंय?' विचारा आणि गप्प राहा. मनात पाच आकडे मोजा. हे गप्प राहणंच आपल्याला जड जातं. मूल शब्द शोधत असतं आणि आपण उत्तर देऊन मोकळे होतो. काऊ-चिऊच्या गोष्टीतही चिऊताईचं वाक्य मुद्दाम अर्धं सोडा, पुरं करण्याचा मान मुलाचा. चार वर्षं झाल्यावरही बाहेरच्या माणसाला त्याचं बोलणं फारसं कळत नसेल, तर मात्र 'बोलेल हळूहळू' म्हणत थांबू नका. आधी कान तपासून घ्या, कारण जे ऐकू येत नाही ते मूल बोलणार कसं? मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या दोन्ही तपासण्या तिथे होतात.