आयएसपीच्या राउटरला हात लावू नका!

मंडळी, आज विषय जरा वेगळा. मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईने नेटवर्किंगवर काय लिहायचं, असं कुणी म्हणेल. पण मुद्दा शिकवण्याचा आहे, आणि तिथे मला गप्प बसवत नाही!

नात डिप्लोमाला आहे. तिच्यामुळे सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर बघायला मिळालं. खरे राउटर महाग, प्रत्येक कॉलेजला कुठे परवडणार? इथे पडद्यावरच राउटर, स्विच, संगणक मांडायचे, केबल जोडायच्या आणि जाळं चालतंय का बघायचं. विद्यार्थ्यांना ते फुकट मिळतं. मला तर फार आवडलं.

नेहमीचा एक प्रॅक्टिकल असा. कॉलेजची तीन लॅन घ्यायची: ऑफिस, ग्रंथालय, प्रयोगशाळा. त्यांना १९२.१६८.१.०, १९२.१६८.२.० आणि १९२.१६८.३.० असे पत्ते द्यायचे. तिन्ही कॉलेजच्या राउटरला जोडायची आणि तो राउटर आयएसपीच्या, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या राउटरला. त्यापलीकडे एक सर्व्हर. आतल्या संगणकावरून सर्व्हरला पिंग करायचं. उत्तर आलं की मार्क.

गोम इथेच आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी. ते कुणीही, कितीही ठिकाणी वापरावेत, म्हणूनच बाहेरच्या जगात त्यांना अर्थ नाही. 'माडीवरच्या काकू' एवढं लिहिलेली चिठ्ठी वाड्यातल्या वाड्यात बरोबर पोचते. पोस्टमनने मात्र काय करायचं? माडीवरच्या काकू प्रत्येक वाड्यात!

तसंच इथे होतं. पाकीट सर्व्हरपर्यंत जातं, पण उत्तर आयएसपीच्या राउटरवर येऊन अडतं, कारण त्याला परतीची वाट ठाऊक नसते. मग बरीच मुलं काय करतात? आयएसपीच्या राउटरमध्ये शिरून तिन्ही लॅनच्या वाटा स्वतःच लिहून टाकतात. पिंग लगेच यशस्वी. मुलगा खूष, सर खूष.

माझा आक्षेप याला आहे. सॉफ्टवेअर दोन्ही घरांच्या किल्ल्या एकाच मुलाच्या हातात देतं. खऱ्या जगात आयएसपीचा राउटर आपला नसतो. आणि तिथला इंजिनियर तुमच्या ग्रंथालयाची वाट लिहून तरी कशी ठेवणार? तेच पत्ते त्याच्या असंख्य ग्राहकांकडे असतात.

खरा उपाय म्हणजे नॅट. कॉलेजचा राउटर बाहेर जाणाऱ्या पाकिटावरचा खासगी पत्ता बदलून आयएसपीने दिलेला सार्वजनिक पत्ता घालतो, पाकीट कुणाचं होतं याची नोंद ठेवतो, आणि उत्तर आलं की नोंद बघून आत पोचवतो. जोडीला एक डीफॉल्ट राउट हवा: ज्याची वाट आपल्याला माहीत नाही, ते सगळं आयएसपीकडे. एवढं केलं की आयएसपीच्या राउटरला तुमच्या आतल्या लॅनची खबरही लागत नाही, आणि लागायचं कारणही नाही.

म्हणून शिक्षकांना माझं सांगणं एवढंच. आयएसपीचा राउटर तुम्ही आधी तयार करून त्याला पासवर्ड लावून द्या. सिम्युलेशन मोडमध्ये पाकीट एकेक पायरीने जाताना दिसतं आणि अडलं की त्यावर लाल फुली येते. तिथे मुलांना थांबवा आणि विचारा, आता पाकिटावर पत्ता कुणाचा? परीक्षेत तर मुद्दाम बिघडवलेलं जाळं द्या आणि दुरुस्त करायला सांगा. पाठ केलेल्या कमांड तिथे फारशा कामाला येत नाहीत.

उद्या हीच मुलं एखाद्या तालुक्याच्या दवाखान्याचं नाहीतर पतपेढीचं जाळं उभारणार. तिथे पलीकडच्या राउटरची किल्ली त्यांना कुणी देणार नाही. असो. घरात कुणी हे शिकत असेल, तर आज एवढं विचारून बघा: बाळा, उत्तर परत कुठल्या वाटेने आलं?